प्लगिन बदलण्याआधी सीएनआय हाताने चालवून बघ

कुबरनेटीसमध्ये (कंटेनर सांभाळणारी प्रणाली) पॉड, म्हणजे एकत्र चालणाऱ्या कंटेनरचा गट, 'कंटेनर क्रिएटिंग'वर अडकला की लगेच दुसरा नेटवर्क प्लगिन टाकायला धावू नकोस. सीएनआय (कंटेनर नेटवर्क इंटरफेस) म्हणजे सतत चालणारी सर्व्हिस नव्हे, तो रनटाइम (कंटेनर चालवणारा प्रोग्रॅम) आणि नेटवर्क प्लगिन यांच्यातला करार आहे. २०१७ पासून सीएनसीएफच्या (क्लाउड नेटिव्ह कॉम्प्युटिंग फाउंडेशन) छत्राखाली असलेला. रनटाइम प्लगिनची बायनरी चालवतो, तिच्या स्टँडर्ड इनपुटवर जेसन कॉन्फिग देतो आणि ॲड (जोड), डेल (काढ) की चेक (तपास) ते एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून सांगतो. बस्स.

म्हणून आधी कुबरनेटीस बाजूला ठेव. एक रिकामी नेटवर्क नेमस्पेस (स्वतःचं वेगळं नेटवर्क असलेला कप्पा) कर आणि ब्रिज (आभासी स्विच) प्लगिनला स्वतः ॲड दे. व्हेथची (आभासी केबलच्या दोन टोकांची) जोडी बनते, एक टोक ब्रिजला लागतं, दुसरं नेमस्पेसमध्ये जातं. हे डोळ्यांनी बघितलंस की निम्मी भीती जाते.

मग होस्ट-लोकलचं (आयपी वाटून देणारा प्लगिन) फोल्डर उघड. दिलेल्या प्रत्येक आयपीच्या नावाची तिथे फाईल असते. आपल्याकडे खानापूर-जांबोटी भागात पावसात लाईट गेली आणि मशीन धाडकन बंद पडलं, तर डेल चालतच नाही. फाईल तशीच राहते, आयपी अडकून पडतो. असं वारंवार झालं की रेंज संपते आणि दोष मात्र प्लगिनला! कुठला कंटेनर जिवंत आहे ते तपासूनच फाईल काढ, सरसकट पुसू नकोस.

कॉन्फिगच्या फोल्डरात जुन्या प्लगिनची फाईल उरलीय का तेही बघ. कंटेनरडी हा रनटाइम सहसा नावाच्या क्रमाने पहिलीच उचलतो.

तरीही अडलास तर क्युबलेटचा (मशीनवरचा कुबरनेटीसचा एजंट) लॉग पूर्ण पाठव, नुसता स्क्रीनशॉट नको.