रीलोडिंगसाठी पितळी पुंगळ्या साफ करायला कोणते यंत्र घ्यावे?

रीलोडिंगसाठी, म्हणजे झाडलेल्या काडतुसांची रिकामी पितळी कवचे (पुंगळ्या) पुन्हा भरण्यासाठी, महिन्याला पिस्तुलाच्या दोन-तीनशे पुंगळ्या साफ करायच्या असतील, तर कोरड्या भरड्याचा व्हायब्रेटरी टंबलर (पुंगळ्या भरड्यात हलवून घासणारे यंत्र), स्टीलच्या पिनांचा ओला टंबलर (पुंगळ्या पाण्यात पिनांसह ड्रममध्ये फिरवणारे) आणि अल्ट्रासोनिक यंत्र (पाण्यात ध्वनिलहरींनी सफाई करणारे) यांपैकी काय घ्यावे, असा आपला प्रश्न आहे. मी ओला टंबलर घ्यायला सांगेन, आणि तेही चकाकीसाठी नव्हे, तर शिशामुळे.

बहुतेक प्रायमरमध्ये, म्हणजे पुंगळीच्या बुडात बसणाऱ्या आणि बार पेटवणाऱ्या लहान टोपीत, शिशाचे संयुग असते. बार उडाल्यावर त्याचे अवशेष काजळीबरोबर पुंगळीच्या आत चिकटून राहतात, कोरड्या टंबलरमध्ये ते भरड्याच्या धुळीत मिसळतात आणि झाकण उघडताना किंवा पुंगळ्या चाळताना ती धूळ थेट नाकातोंडात जाते. ओल्या टंबलरमध्ये हे शिसे पाण्यात राहते. अर्थात ते पाणीही स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये ओतू नये. कोरडे यंत्र घ्यायचेच असेल, तर ते घराबाहेर, मास्क लावून आणि मुलांपासून दूर चालवावे. डायवर (पुंगळीला पुन्हा आकार देणाऱ्या साच्यावर) ओरखडे पडू नयेत इतपत सफाई अक्रोडाच्या कवचाचा किंवा मक्याच्या कणसाचा भरडा उत्तम करतो, परंतु प्रायमरचा खळगा त्याने स्वच्छ होत नाही.

ओल्या पद्धतीत जुना प्रायमर आधी काढून घ्यावा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीच्या पिना खळग्यापर्यंत पोहोचतात. पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे काही थेंब आणि चिमूटभर सायट्रिक ॲसिड पुरते. ॲसिड जास्त झाले, तर जस्त निघून जाऊन पितळ गुलाबी दिसू लागते. यंत्र गरजेपेक्षा जास्त वेळ फिरवल्यास पुंगळ्या एकमेकींवर आपटून त्यांच्या तोंडाच्या कडा चेपतात, आणि नख फिरवले की ती कड लगेच जाणवते. शेवटी प्रत्येक पुंगळी उजेडासमोर धरून आत पिन अडकलेली नाही ना, हे पाहावे आणि ती पूर्ण वाळल्याशिवाय भरायला घेऊ नये, कारण खळग्यात ओल राहिली तर नवा प्रायमर निकामी होऊ शकतो.

अल्ट्रासोनिक यंत्र आतली काजळी चांगली काढते, पण पितळ चकाकवत नाही आणि लहान टाकीत एका वेळी थोड्याच पुंगळ्या मावतात.

यंत्र कोणतेही घ्या, अमोनिया असलेले पॉलिश मात्र कटाक्षाने टाळा. सुमारे 70 टक्के तांबे आणि 30 टक्के जस्त असलेल्या या पितळेत आधीचा ताण असेल, तर अमोनियाने तडे जातात. एकोणिसाव्या शतकात भारतातील ब्रिटिश सैन्याची पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे अशीच तडकत असत. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया हे त्याचे कारण 1921 मध्ये स्पष्ट झाले.

खरेदी करताना ड्रमची वजनमर्यादा नीट वाचा: तिच्यात पुंगळ्यांबरोबर पाणी आणि पिनाही धराव्या लागतात, त्यामुळे मोठा वाटणारा ड्रमही प्रत्यक्षात कमी पुंगळ्या घेतो.