एकच मुलगा, दोन फायली

प्रश्न : घरी मार खाणारा १४ वर्षांचा मुलगा चोरीत सापडला. तो आरोपी की पीडित?

उत्तर : दोन्ही; म्हणून गुन्ह्याची चौकशी आणि मुलाचं संरक्षण ही दोन्ही कामं एकदमच सुरू व्हायला हवीत. एरवी पोलीस लगेच पालकांना कळवतात, पण मारणारे तेच असतील तर चौकशीला विश्वासातली दुसरी मोठी व्यक्ती आणि वकील हवा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारानुसार अटक हा शेवटचा उपाय, तोही कमीत कमी काळासाठी. किरकोळ गुन्हे सोडले तर निकालाआधी सामाजिक चौकशी अहवाल (मुलाच्या घरची नि भोवतालची परिस्थिती सांगणारा) लागतो, असं बालन्यायाविषयीचे संयुक्त राष्ट्रांचे १९८५ चे बीजिंग नियम सांगतात. घोडं अडतं ते इथेच. बालसंरक्षणाची फाइल न्यायालयापर्यंत पोचतच नाही. मुलगा तीच हकिगत चौथ्या माणसाला सांगतो आणि पाचव्यासमोर गप्प बसतो. दोन्हीकडे एकच समाजसेवक मिळावा, असा अर्ज पहिल्याच दिवशी लेखी द्या.