चालशर्यतीच्या नव्या गड्याला

अरे, मिरामारच्या वाळूत सराव नको. टाच रुतते आणि गुडघा वाकवायची सवय लागते. दोनापावलाच्या रस्त्यावर पहाटेच चाल. ऊन चढलं की दमटपणा जीव काढतो. पुढचा पाय टेकल्यापासून अंग त्यावर सरळ येईपर्यंत गुडघा ताठ हवा. दोन्ही पाय हवेत दिसले की पंच पिवळी पाटी दाखवतात, मग लाल कार्ड. वेगासाठी पाऊल लांबवू नकोस, झपझप टाक. कंबर हलते म्हणून लोक हसतात, हसू देत. 2021 मध्ये नैरोबीत 20 वर्षांखालील जागतिक स्पर्धेत अमित खत्रीने 10,000 मीटरला रौप्य काढलं, 42 मिनिटं 17.94 सेकंदांत. म्हणजे पावणेदोन मिनिटांच्या आत एक फेरी, अशा पंचवीस! तू आधी एक काढ, गुडघा न वाकवता.