निळे केस आणि बीकेसीतली नोकरी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) खासगी बँकेचं तुझं ऑफर लेटर आणि त्याला जोडलेलं ड्रेस कोडचं पान, दोन्ही वाचलं. फुल शर्ट, बंद बूट, गळ्यात ओळखपत्र आणि शेवटी 'प्रोफेशनल अपिअरन्स'. केसांच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. मग 'काळे करून या' असं म्हणालं कोण? तर एचआरमधलं कुणीतरी, फोनवर. इतकी वर्षं पर्सोनेलमध्ये काढली म्हणून सांगते (आमच्या वेळी एचआरला तेच म्हणायचे), अशा तोंडी सूचनांपैकी बऱ्याचशा म्हणजे कुणाची तरी वैयक्तिक नापसंती असते. लिहून द्या म्हटलं की त्या विरून जातात. काही मात्र खरंच वरून आलेल्या असतात. तुला आलेली यातली कुठली, ते सही करायच्या आधीच विचारून घे. एकदा प्रोबेशन सुरू झालं की साधा प्रश्नसुद्धा उद्धटपणा ठरतो.

ऑफिसात केस रंगवायला कुणाचीच ना नसते, हे एव्हाना तुझ्या लक्षात आलं असेल. पन्नाशीतले कितीतरी साहेब नेमाने काळा लावतात. मेंदीने केशरी झालेल्या डोक्यांकडे तर मुंबईत कुणी वळूनही बघत नाही. 2022मध्ये एअर इंडियाच्या केबिन क्रूसाठी नियम आले, त्यांत पांढरे केस नैसर्गिक छटेत रंगवा, पण फॅशनचे रंग नकोत आणि मेंदीही नको, असं होतं. म्हणजे रंगवायचं तर सक्तीनं, फक्त रंगवलंय हे दिसता कामा नये! मला यात तत्त्व कमी आणि डोळ्यांची सवय जास्त दिसते.

पण म्हणून कायद्याच्या भरवशावर भांडायला जाऊ नकोस. संविधानाच्या 15व्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग आणि जन्मस्थान आहे, केसांचा रंग नाही. शिवाय नोकरीच्या बाबतीत ते बांधतं सरकारला, खासगी बँकेला नाही. आपल्या राज्याचा 2017चा दुकाने व आस्थापना कायदाही या बाबतीत गप्प आहे. हवाई दलातल्या दाढीबंदीचा प्रश्न तर धर्माशी जोडून कोर्टात गेला होता, तरी 2016मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवाई दलाचीच बाजू उचलून धरली. मग तुझा निळा रंग कुठे टिकणार?

तरीही नियम कागदावर आला की त्याच्याशी बोलता येतं. डिसेंबर 2020मध्ये राज्य सरकारने कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपर बंद केल्या. ओरड झाली आणि काही महिन्यांत जीन्स परत आली. टी-शर्ट नाही आला. तोंडी सूचनेवर ओरड तरी कुणाकडे करणार?

आणि कारण जरूर विचार. आमच्या कारखान्यात लेथ यंत्रावरच्या माणसाने केस मोकळे ठेवले तर मी स्वतः त्याला घरी पाठवत असे. तिथे जिवाशी गाठ. हॉटेलच्या स्वयंपाकघरात टोपी लागते, तेही पटतं. रंगाला मात्र एकच कारण मिळेल, ग्राहक काय म्हणतील. ते ऐकून हसू नकोस. निवृत्तीचे पैसे घेऊन समोर बसलेले गिरगावातले आजोबा तुझ्या डोक्याकडे बघून फाइल मिटवतील अशी बँकेला भीती वाटते, आणि ती अगदीच खोटी नाही. अर्थात त्याच आजोबांना तू व्याजाचा हिशोब तोंडी करून दाखवलास, तर नातवाला फोन लावून तुझी गंमत सांगतील. पण त्यासाठी त्यांनी पाच मिनिटं खुर्चीत बसायला हवं, आणि ती जोखीम बँकेची असते.

लेखी 'नाही' आलं, तर तुझ्या जागी मी पहिली नोकरी केसांपायी सोडली नसती. मागितल्यावरही लेखी आलं नाही, तर मात्र बिनधास्त निळाच जा.

निळा गेलास तर तो नीट राखावा लागेल. ब्लीच केलेल्या पिवळट केसांवरचा निळा उतरायला लागला की हिरवट दिसतो, आणि महिन्याला साधारण सेंटीमीटरभर काळी मुळं वर येतात. जुलैत वांद्रे स्टेशनवरून भिजत पोचलास तर पांढऱ्या कॉलरवर निळे ओघळ येतील, म्हणून छत्री विसरू नकोस, आणि एक जादा शर्ट ड्रॉवरमध्ये असू दे. गबाळा दिसलास तर ज्याला मुळात रंगच खटकतोय त्याला आयतं निमित्त मिळेल.

ईमेल तीन-चार ओळींचाच लिही. केसांचा सध्याचा रंग सांग, फोनवर काय सूचना मिळाली ते तारखेसह लिही आणि धोरणात ती कुठे आहे ते विचार. तुझ्या इन्स्टाग्रामवरचे फोटो जोडू नकोस. पाठवायच्या आधी मला दाखव. त्यात एकदा जरी 'सॉरी' दिसलं तरी परत लिहायला लावीन.

तुझी मावशी