पेपरमधला एटीसीसी 6633 सांगलीत बसून कसा शोधायचा?

प्रश्न असा की सांगलीत एम.एस्सी. सुरू आहे, एका शोधनिबंधात (पेपरात) बॅसिलस सबटिलिस या जिवाणूचा एटीसीसी 6633 हा स्ट्रेन (ठरावीक वाण) वापरलाय; एटीसीसी म्हणजे अमेरिकेतला सूक्ष्मजीवांचा संग्रह. त्याची माहिती कुठं मिळेल, आणि शेजारच्या लॅबमधली सबटिलिसची स्लांट (नळीत तिरक्या आगरवर वाढवलेला जिवाणू) चालेल का?

स्लांट चालणार नाही. "सबटिलिस तो सबटिलिस, कुठलीही घे" हे आपल्याकडं सर्रास ऐकवलं जातं, आणि मग रिझल्ट जुळले नाहीत की शिव्या मीडियाला (जिवाणूंच्या खाद्याला). ती स्लांट 168 या दुसऱ्या स्ट्रेनची निघाली तर? 168 ला स्वतःचं ट्रिप्टोफॅन (एक अमिनो आम्ल) बनवता येत नाही, त्यामुळं ते न घातलेल्या मिनिमल मीडियावर तो वाढणारच नाही. 6633 सबटिलिन हे दुसऱ्या जिवाणूंना मारणारं द्रव्य बनवतो, 168 बनवत नाही. झोन (जिवाणू न वाढलेली वर्तुळं) मोजायचे असतील तर इथंच सगळा खेळ बिघडतो. आणि एटीसीसी नंबर दिसला म्हणजे टाइप स्ट्रेन (प्रजातीचा अधिकृत नमुना), असंही नाही. सबटिलिसचा टाइप एटीसीसी 6051, म्हणजेच जर्मन संग्रहातला डीएसएम 10.

शोध नावानं घेऊ नका, नंबरानं घ्या. बॅकडाइव्ह किंवा स्ट्रेनइन्फो या ऑनलाइन डेटाबेसमध्ये "एटीसीसी 6633" रोमन लिपीत, मधे जागा सोडून टाका. बाकीच्या कलेक्शनमधले नंबर एकत्र दिसतात, जसं डीएसएम 347. नावही बदललेलं दिसेल: हा आता बॅसिलस स्पिझिझेनी. जुन्या नावावर अडून बसलात तर अर्ध्या नोंदी निसटतात. मग तेच नंबर घेऊन चंदीगडच्या एमटीसीसीचा आणि पुण्याच्या एनसीआयएमचा, या दोन भारतीय संग्रहांचा कॅटलॉग बघा. परदेशी यादीत भारतीय नंबर नाही म्हणजे स्ट्रेन इथं नाही, असं समजू नका. उलट बाजूनं, भारतीय कॅटलॉगच्या नोंदीत एटीसीसीचा नंबर आहे का तेही तपासा. तो नसेल तर नुसतं "सबटिलिस" बघून ऑर्डर देऊ नका. स्ट्रेन कुणाकडून कुणाकडं गेला ती साखळी दिली असेल तर ती वाचा.

अँप्यूल (स्ट्रेनची सीलबंद कुपी) आली की आधी मास्टर ग्लिसरॉल स्टॉक करा, 15–20 टक्के, उणे 80 अंश सेल्सिअसला. रोजचं काम त्यातल्या एका व्हायलवरून. स्लांटवरून स्लांट करत बसू नका; फार्माच्या तपासण्यांत मूळ सीडपासून पाचपेक्षा जास्त पॅसेज (एका माध्यमातून ताज्या माध्यमात नेऊन वाढवणं) चालत नाहीत, तुम्हीही तेच पाळा. पेपरात नंबर आणि कुठून घेतला ते, दोन्ही लिहा.

नुसतं ग्रॅम स्टेनिंगचं प्रॅक्टिकल असेल तर शेजारची स्लांट खुशाल घ्या. यीस्ट-बुरशीसाठी मात्र बॅकडाइव्ह उपयोगाचं नाही, तिथं फक्त बॅक्टेरिया आणि आर्किया. एनसीआयएममध्ये यीस्ट आणि बुरशीही आहेत.