पहिल्यांदाच रॉमध्ये निसर्गाचे फोटो काढले, पण लॅपटॉपवर ते मळकट दिसतात. कॅमेरा बिघडलाय का? एडिटिंगला सुरुवात कुठून करू?

कॅमेरा ठणठणीत आहे. तुम्ही लिहिलंय की ताम्हिणीचे फोटो कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास दिसत होते, लॅपटॉपवर उघडल्यावरही क्षणभर तसेच दिसले आणि मग डोळ्यांदेखत फिके पडले. सगळी गोम त्या क्षणभरात आहे. रॉ म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद; त्या फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतः बनवलेला एक तयार जेपेग, म्हणजे नेहमीचा फोटो, असतो. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुम्ही तोच बघत होता. सॉफ्टवेअर आधी तो दाखवतं, मग तो बाजूला सारून सेन्सरने खरोखर नोंदवलेला प्रकाश उघडतं. त्यात कॉन्ट्रास्ट नाही, रंग खुलवलेले नाहीत, धार काढलेली नाही. ते काम आजवर कॅमेरा तुमच्या वतीने गुपचूप करत होता, आता ते तुमच्याकडे आलंय.

माझी पहिली खेप सांगतो, कारण मी केलेल्या चुकाच तुम्ही आता करणार आहात.

२०१८ च्या ऑक्टोबरमध्ये आम्ही पाचनईवरून हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. घट बसून तीन-चार दिवस झाले होते. सेकंडहँड निकॉन डी३३००, सोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि भावाकडून उसना घेतलेला डुगडुगता ट्रायपॉड. गडावरचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे संध्याकाळी सूर्य थेट समोर आणि खाली दरी काळोखात, अशी कॅमेऱ्याची परीक्षा बघणारी जागा. (तिथलं प्रसिद्ध इंद्रवज्र, म्हणजे धुक्यावर उमटणारं गोल इंद्रधनुष्यासारखं वलय, बघायला मात्र सकाळी जावं लागतं. सूर्य पाठीशी आणि धुकं समोर दरीत हवं. आम्हाला दिसलं नाही.) १४० फोटो काढले, सगळे रॉ, आणि घरी येऊन डार्कटेबल हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं. डार्कटेबल फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि पहिल्यांदा उघडल्यावर माणसाला घाम फोडतं. इतक्या सरकवायच्या पट्ट्या, इतकी बटणं.

मी काय केलं? सगळं केलं. सावल्या उचलल्या, आकाश दाबलं, धुकं काढलं, सॅच्युरेशन (रंगांचा भडकपणा) वाढवलं, आणि वर लोकल कॉन्ट्रास्टचा तडका. रात्री दीड वाजता तो फोटो मला जगातला सर्वात सुंदर फोटो वाटला. त्या हिवाळ्यात पुन्हा पाचनईला गेलो, तेव्हा ज्यांच्याकडे आम्ही जेवतो त्या मामांना मोबाइलवर कौतुकाने दाखवला. मामांनी मोबाइल लांब धरला, जवळ धरला आणि विचारलं, "हे कधीचं?" मी म्हटलं, ऑक्टोबरमधलं, नवरात्रातलं. मामा म्हणाले, "एवढं हिरवं तर आमच्याकडं श्रावणातबी नसतं, दादा."

गवत वाळायला लागलं होतं, त्यावर सोनेरी झाक होती, ती मी स्वतः तिथे बसून पाहिली होती. आणि घरी येऊन पट्ट्या ओढून पुसून टाकली होती.

तेव्हापासून मी एकच गोष्ट पाळतो: रंगाला हात सगळ्यात शेवटी. आधी प्रकाश.

प्रकाश म्हणजे आधी एक्स्पोजर. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत काळोख-उजेड किती ते दाखवणारा आलेख, बघा आणि फोटो एकूण किती उजळ हवा ते ठरवा. रॉची खरी कमाई इथे आहे. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या १२ बिटच्या रॉमध्ये त्या ४०९६ आहेत, १४ बिटचा असेल तर १६,३८४. पण त्यांची वाटणी सारखी नसते. सेन्सर प्रकाश सरळ हिशोबाने मोजतो, त्यामुळे ४०९६ पैकी निम्म्या, म्हणजे २०४८ पायऱ्या, एकट्या सर्वात उजळ स्टॉपमध्ये जातात (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचा एक टप्पा). पुढच्या स्टॉपला १०२४, त्याच्या पुढे ५१२. अगदी अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंत पोचेतो हातात जेमतेम काही डझन उरतात. तिथे मुळात प्रकाशच कमी पोचलेला असतो, म्हणून दरी जबरदस्तीने उजळवली की दाणे उमटतात आणि सावलीत जांभळट डाग दिसतात. उलट आकाश जर खरोखर जळून पांढरं झालं असेल, तर तिथे काही उरतच नाही, कुठलीही पट्टी ते परत आणत नाही. फोटो काढताना शक्य तेवढा उजेड घ्यायचा, पण आकाश जळू द्यायचं नाही, असं म्हणतात ते यासाठी. कॅमेऱ्यावर लुकलुकणारी 'जळालं' ही सूचनाही त्या तयार जेपेगवरूनच येते, त्यामुळे थोडंसं लुकलुकलं तरी रॉमध्ये बऱ्याचदा अजून जीव असतो.

मग व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं ते पांढरंच दिसावं म्हणून केलेली रंगांची जुळवणी. रॉमध्ये तो फक्त एक नोंद म्हणून असतो, नंतर बदलला तरी काही बिघडत नाही. सूर्यास्ताला ऑटोवर मात्र भरवसा ठेवू नका. कॅमेऱ्याला वाटतं हा पिवळेपणा दोष आहे, आणि तो इमानदारीने काढून टाकतो. माझा कोकणकडा ऑटोवर दुपारी तीनचा वाटत होता. डेलाइटवर, म्हणजे साधारण ५५०० केल्व्हिनच्या आसपास आणल्यावर संध्याकाळ परत आली.

आकाश आणि दरी यांचा मेळ हा सगळ्यात अवघड भाग. मी पहिल्यांदा 'शॅडोज अँड हायलाइट्स' हे सावल्या उजळवणारं आणि आकाश दाबणारं मॉड्यूल (डार्कटेबलमधलं एकेक हत्यार) दोन्ही बाजूंनी टोकाला नेलं होतं, त्यामुळे कड्याच्या काठाने एक पांढरी किनार उमटली, जणू कोणी खडूने गिरवलाय. अशी किनार दिसली की समजा, जास्त झालं. आता मी टोन इक्वलायझर वापरतो, तो उजेडाच्या टप्प्यांनुसार काम करतो आणि बेताने वापरला तर वस्तूंच्या कडा शाबूत ठेवतो. एकूण कॉन्ट्रास्टसाठी सिग्मॉइड हे मॉड्यूल. आणि दरी थोडी काळी राहू द्या हो. संध्याकाळी दरी काळीच असते, तिच्यातलं प्रत्येक झाड दिसलंच पाहिजे असा काही नियम नाही.

धुकं काढायच्या मॉड्यूलबद्दल माझं मत जरा कडक आहे. कोकणाच्या बाजूचे डोंगर एकामागे एक फिकट होत जातात म्हणून तर लांब वाटतात. ते सगळे सारखेच ठसठशीत केले की दहा कोसांवरचा डोंगर अंगणात येऊन बसतो. शिवाय आकाशातले धुळीचे ठिपके लख्ख दिसायला लागतात. माझ्या सेन्सरवर सात ठिपके होते, एफ/१६ वर, म्हणजे लेन्सचं तोंड बारीक करून, काढलेल्या फोटोत तर हाताने मोजता आले.

आता रंग. तुमचे फोटो ताम्हिणीचे, पावसाळ्यातले, म्हणजे खरोखर हिरवे. तरीही सॅच्युरेशनच्या मोठ्या पट्टीला हात लावू नका. गवताचा जो रंग आपण हिरवा म्हणतो, त्याचा बराच भाग सॉफ्टवेअरच्या हिशोबात पिवळ्यात मोडतो. फोटो पोपटी झाला असेल तर हिरव्याशी झटापट करण्यापेक्षा पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा आणि त्याची छटा केसभर नारिंगीकडे न्या. मी हे कोणत्याही पुस्तकात वाचून शिकलो नाही, मामांचं वाक्य डोक्यात ठेवून पट्ट्या हलवत बसलो तेव्हा सापडलं.

लेन्स करेक्शन, नॉइज कमी करणं, क्षितिज सरळ करणं ही कामं दोन मिनिटांची आहेत, त्यांची चिंता नको. मूळ फाइल खराब होईल ही भीतीही सोडा. डार्कटेबल रॉला हात लावत नाही, तुम्ही केलेले बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवतं. फक्त रॉ फाइल दुसरीकडे हलवताना ती फाइलही सोबत न्या, नाहीतर रात्रभराची मेहनत मागे राहते. (राहिली आहे.)

आणि लॅपटॉपची स्क्रीन. मी पूर्ण ब्राइटनेसवर, दिवे मालवून काम करायचो. पहिली प्रिंट काढली तर ती काजळी फासल्यासारखी आली. दुकानदाराला दोष देणार होतो, मग स्वतःची स्क्रीन अर्ध्यावर आणून तोच फोटो पाहिला आणि गप्प बसलो. खोलीत साधा उजेड असू द्या, आणि फोटो झाला असं वाटलं की तसाच ठेवून झोपा. सकाळी चहा घेताना निम्म्या पट्ट्या तुम्ही स्वतःच मागे आणाल. नेटवर टाकायचा असेल तर एसआरजीबीमध्ये, म्हणजे मोबाइल आणि ब्राउझर गृहीत धरतात त्या रंगव्यवस्थेत, जेपेग काढा, म्हणजे मोबाइलवर रंग भलतेच दिसणार नाहीत.

कोकणकड्याची तीच फाइल मी गेल्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून केली. अर्ध्या तासात झाली, आणि त्यातली वीस मिनिटं नुसतं बघण्यात गेली. ए४ची प्रिंट काढून मामांना नेऊन दिली, जुन्या फोटोची आठवण मुद्दाम काढली नाही. त्यांनी ती दारातल्या उजेडात धरली. म्हणाले, "हे घट बसल्यानंतरचं. बघा ना, गवत वाळाय लागलंय."