पिळलेला प्रकाश (ज्याच्या लहरी स्क्रूच्या आट्यांसारख्या फिरत पुढे जातात तो) साध्या ऑप्टिकल फायबरमधून, म्हणजे काचेच्या तंतूतून, का जात नाही?

जातो हो, पण पीळ टिकत नाही. सिंगल मोड फायबरचा (म्हणजे प्रकाशाचा एकच मोड, एकच ठराविक आकार नेणाऱ्या फायबरचा) गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, त्यात पिळलेल्या प्रकाशाची मधोमध काळं भोक असलेली ती मेदूवड्यासारखी बीम मावतच नाही, आणि अनेक मोड नेणाऱ्या जाड मल्टीमोडमध्ये घातली तर फायबर जरा वाकली की सगळे मोड एकमेकांत मिसळून नुसती खिचडी होते. म्हणून मग गाभ्याभोवती जास्त अपवर्तनांकाचं (म्हणजे प्रकाशाला जास्त मंदावणाऱ्या काचेचं) कडं असलेली खास फायबर बनवली, त्यात प्रत्येक मोडचा वेग थोडा वेगळा पडतो त्यामुळे सहज मिसळत नाहीत. २०१३ मध्ये बोस्टन युनिव्हर्सिटीच्या रामचंद्रन वगैरे मंडळींनी अशा १.१ किमी फायबरमधून सेकंदाला १.६ टेराबिट डेटा पाठवला. भारीच, पण जमिनीखाली आधीच पुरलेल्या केबलला याचा काही उपयोग नाही.